फ्लेक्सच्या मागचा आवाज

आधीच सांगून ठेवते, माझं सावेडीत मेडिकल स्टोअर आहे, आणि अमुक दिसलं, तमुक भासलं म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा विचारते... जेवण वेळेवर होतं का? झोप कशी आहे? या सदरातले अनुभवही इतके दिवस मी चहाबरोबर करमणूक म्हणूनच वाचत आले. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे बघून आमचे हे गालातल्या गालात हसताहेत. हसू देत.

गोष्ट परतीच्या पावसातली. नगरच्या स्टेडियमवर – आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला पडलेलं वळण जात नाही – एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. औषध कंपनीच्या एमआरने मला दोन पास आणून दिले. ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या रूथला घेऊन गेले. घेऊन गेले कसली, ओढूनच नेलं.

रूथ शाळेत शिकवते. तिचा थोरला भाऊ शमुवेल किडनीच्या आजारात गेला आणि त्यानंतर ती आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. मी त्याला कधी पाहिलं नाही, तिच्या हॉलमध्ये फोटो आहे तेवढाच. दोघं लहानपणापासून चर्चच्या गायनमंडळात. मुख्य आवाज हिचा, तो साथीला. तो गेला आणि हिचं गाणंच थांबलं. बोलायची, हसायची, पण गाणं म्हणून नाही. उपासनेला पुस्तक उघडून उभी राहायची, ओठ मिटून. त्या आठवड्यात तर येत्या रविवारी पाळकसाहेबांना सांगून गायनमंडळ कायमचं सोडायचं, असं तिनं नक्की केलं होतं. मला ते मुळीच पटलं नव्हतं. अगं, माणूस गेल्याचं दुःख आहे, मान्य... पण गळा काय त्याच्याबरोबर पुरायचा? मी किती डोकं फोडलं, बाई ढिम्म.

कार्यक्रम चांगला रंगला होता, उजेडही होता अजून, आणि पाऊस आला तो धो धो. मैदानातले लोक प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन सैरावैरा. आम्ही पायऱ्या चढत पार शेवटच्या पायरीवर गेलो. तिथं तिसगावहून आलेले एक शेतकरी दादा आणि त्यांच्या मिसेस पडलेला एक फ्लेक्स डोक्यावर धरून उभे होते. त्यांनी आम्हालाही आत घेतलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. फ्लेक्स मागून पाठीपर्यंत लोंबत होता, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं.

तारा भिजल्या म्हणून आयोजकांनी साउंड आणि लाइट दोन्ही बंद केले. थोडा वेळ शिट्ट्या, आरडाओरडा झाला. मग खालून कुणीतरी एक जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं सुरू केलं आणि बघता बघता अख्खं स्टेडियम गायला लागलं, बिनमाईकचं, भर पावसात. रूथ मात्र गप्पच होती.

आणि तेवढ्यात आमच्या मागून एक पुरुषी आवाज आला. अगदी जवळून, रूथ आणि मी, आमच्या दोघींच्या मधून. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा. सगळे गात होते ती चाल नाही, तिच्याखाली बसणारी दुसरीच चाल. छान वाटत होतं ऐकायला. फक्त एक होतं... प्रत्येक ओळ तो सगळ्यांच्या किंचित आधी उचलायचा. बँकेच्या रांगेत मध्ये घुसणारा माणूस ज्यांना खपत नाही, त्यांतलीच मी. रूथच्या कानाशी लागून म्हटलं, हा मागचा शहाणा बघ, दर ओळीला सगळ्यांच्या पुढे पळतोय.

रूथनं माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी दुसऱ्या हाताने फ्लेक्स बाजूला सारणार होते.

"बघू नकोस," ती म्हणाली. "गाऊ दे त्याला."

आणि ती गायला लागली.

काय सांगू... मी तिला तोवर कधी ऐकलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि आवाज मात्र कुठे हलत नाही. आजूबाजूच्या पायऱ्यांवरचे लोक गायचे थांबून वळून बघायला लागले. मागचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत तिच्याबरोबर होता, तसाच किंचित पुढे. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू.

गाणं संपलं आणि मी फ्लेक्स झटक्यात वर केला. मागे रेलिंग. रेलिंगपलीकडे काही नाही, सरळ खाली पार्किंग, त्यात भिजणाऱ्या गाड्या. माणूस नाही.

तिसगावच्या दादांना विचारलं, मागं कुणी गात होतं ना?

"न्हाई ताई. मागं उभं राह्यला जागा कुठं हाय? आमी तर या म्याडमचंच ऐकलं. लई ग्वाड गळा हाय."

घरी येताना रिक्षात रूथनं सांगितलं. नाताळात त्यांची कॅरोल पार्टी गल्लीबोळांतून गात निघते. लांबलचक रांग. पुढचा सूर शेवटच्या माणसाला उशिरा ऐकू येतो, ऐकून गायला गेला की तो मागे पडतो. शमुवेल कायम शेवटी चालायचा, लहान मुलं मागे राहू नयेत म्हणून. आणि सूर पुढच्यांशी जुळावा म्हणून अंदाजाने जरा आधीच ओळ उचलायचा. ती खोड इतकी अंगात मुरली की चर्चमध्ये शेजारी उभा राहूनही तसंच. पाळकसाहेब वैतागायचे. रांगेत पुढे गाणाऱ्या रूथनं मागे वळून बघायचं नाही, हे ठरलेलं. वळलं की सूर तुटतो. दादा आहे की नाही, हे तिला आवाजावरून कळायचं.

यातलं अक्षरही तिनं मला आधी सांगितलेलं नव्हतं. तो पुढे पळतो ही तक्रार मी केली होती, तिनं हे सांगायच्या आधी!

मी पुष्कळ डोकं चालवलं. काँक्रीटवरून आवाज घुमला असेल म्हटलं. पण घुमलेला आवाज मागाहून येतो, आधी येत नाही. पार्किंगमध्ये कुणी असेल, तर इतका कानाशी कसा? तिसगावच्या दादांना कसा ऐकू आला नाही? उत्तर शोधणं मी आता सोडलंय.

त्या रविवारी रूथनं गायनमंडळ सोडलं नाही. डिसेंबरात कॅरोल पार्टी निघाली तेव्हा मलाही बोलावलं. शेवटची, शमुवेलची जागा घ्यायला कुणी धजेना. मला सूर नाही, ताल नाही, म्हटलं टॉर्च द्या, मी चालते मागे. रूथ सगळ्यांत पुढे गात होती. एकदाही तिनं मान वळवली नाही.

मी मात्र प्रत्येक वळणावर मागे बघत होते. कुणी नव्हतं. आणि खरं सांगते... मला फार वाईट वाटलं.