सेहेचाळीस किलो

माझ्या पहिल्या बाळंतपणाचं कार्ड मी जपून ठेवलंय. ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. त्यात वजनाच्या रकान्यात पाच वेळा सेहेचाळीस लिहिलंय. पहिलं सेहेचाळीस खरं आहे. पुढची चार मी काट्यावर पाय न ठेवता नुसती तोंडानं सांगितली. नणंद म्हणते, टाकून दे आता ते चिंधूक. नाही टाकणार. दुसऱ्या बायकांना शहाणपण शिकवायला निघाले की मला ते कार्ड आठवावं लागतं, नाहीतर माझी जीभ फार सुटते.

आमचं घर शेळ्यामेंढ्यांचं. सेनगावच्या पुढे माळाच्या कडेला वस्ती, पाच-सात एकर सोयाबीन आणि तूर, आणि चाळीसेक शेळ्या. घरात आम्ही नवराबायको आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्याचा शेळ्यांतला हात आसपासच्या चार गावांत नावाजलेला. शेळीच्या पोटावर पंजा ठेवून आत एक आहे की दोन, हे ती सांगायची आणि ते बराबर निघायचं. अडलेलं करडू तिनं सोडवलं की लोक तिच्या पाया पडायचे. अशा बाईला गरोदरपणातलं काही शिकवायला जाणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

मला दिवस गेले तेव्हा तिनं पहिला हुकूम सोडला, "पाच महिने होस्तोर कुणाला सांगायचं न्हाई. नजर लागती." मी मान हलवली आणि तिसऱ्याच महिन्यात चहापत्ती आणायला जाते असं सांगून अंगणवाडीत गेले. तिथं महिन्यातून एकदा नर्स यायची. आशाताईनं माझं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. पाच महिने लपवायचं म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत बघण्यासारखं जे असतं ते कुणी बघायचंच नाही, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

पण माझंही शहाणपण अर्धंच होतं. शेजारणीनं सांगितलं होतं, रक्त काढायचं असेल तर अनशापोटी जायचं. मी सकाळपासून पाणीसुद्धा न पिता गेले. वजन झालं, सेहेचाळीस. रक्त दिलं, कार्ड मिळालं, आणि परतताना बोअरच्या हौदापाशी डोळ्यांसमोर अंधारी येऊन मी खालीच बसले. कुणीतरी मोटरसायकलवर घालून घरी आणून सोडलं. चहापत्ती काही आणली नव्हती. सगळं उघडं पडलं.

"रगत काढलं म्हनून पडलीस," आत्या म्हणाली. "येवढंसं लेकरू पोटात, त्याच्या वाट्याचं काढून देऊन आलीस."

"आत्या, मी उपाशी होते म्हणून पडले."

"आन काट्यावर चढलीस?"

"व्हय."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. रक्ताचं तिनं एकवेळ सोडलं असतं, काट्याचं नाही. आमच्यात गाभण शेळी कुणी काट्याला लावत नाही. बाजारात बाकीची शेळी वजनावर जाते, तराजूच्या हुकाला टांगून. गाभण शेळी मात्र नजरेनं आणि कासेवर हात फिरवून घ्यायची. घेणारा कितीही हटून बसला तरी तिला काटा नाही. काट्याला लावली की ती गाभडते, पोटातलं पडतं. आत्यानं हे लहानपणापासून पाहिलं होतं, आणि जे शेळीला तेच सुनेला.

शेवटी आमचा समझोता झाला. मी दर महिन्याला तपासणीला जाणार, आत्या सोबत येणार, आणि मी काट्यावर चढणार नाही. माझ्या नवऱ्यानं लगेच होकार दिला, कारण त्याला दोन्हीकडची बोलणी खायची नव्हती. मीही तयार झाले. लेकराचे ठोके ऐकू येतात, रक्तदाब बघतात, सुई देतात, मग एका वजनानं काय बिघडणार, असं मीच मला समजावलं. भांडण टळलं याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आज त्या आनंदाचा संताप येतो.

तर आत्या अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर बसायची, काट्याकडं पाठ करून. आत पंचवीस-तीस बायका, रडणारी लेकरं, एकटी नर्स. "वजन?" ती विचारायची. "सेहेचाळीस, मॅडम," मी म्हणायचे. एकदा तिनं मान वर करून विचारलं, "खात न्हाईस का गं?" मी म्हटलं, खाते की. तिनं लिहून घेतलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बाकीच्या बाबतीत मी ऐकून घेणारी नव्हते. लोहाच्या गोळीनं लेकरू काळं होतं, असं आत्याचं म्हणणं. मी गोळी तिच्यासमोरच जेवण झाल्यावर गिळायचे आणि विचारायचे, "आत्या, तुमच्या लेकाच्या वक्ताला तुमी किती गोळ्या खाल्ल्या व्हत्या?" तिनं एकही खाल्लेली नव्हती, आणि तिचा लेक तव्याच्या बुडासारखा. तो ओसरीत बसून हसायचा, ती मला शिव्या द्यायची. सोनोग्राफी करून आले तर वस्तीवरच्या बायकांनी घेरलं, "काय हाय मनं?" मी म्हटलं, लेकरू हाय. डॉक्टर ते सांगत नाहीत, सांगणं गुन्हा आहे, आणि मला विचारायचंही नव्हतं. त्या बायका नाराज होऊन गेल्या.

आठवा लागला आणि माझे पाय सुजले. आधी संध्याकाळपुरते, मग दिवसभर. जोडवी मांसात रुतली, आत्यानं तेल लावलं तरी निघेनात. बायका खूश झाल्या. पाय सुजले म्हणजे पोरगाच, असं एकमेकींना सांगू लागल्या. आत्या मात्र त्या हसण्यात सामील झाली नाही. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मग तोंड सुजलं आणि डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांसमोर चांदण्या चमकायला लागल्या तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, महिन्याची तारीख यायची वाट बघायची नाही, उद्या सकाळी सेनगावच्या दवाखान्यात जायचं.

या खेपेला मी तयारीनं गेले. भाकरी खाऊन गेले. ढिल्या बाहीचा ब्लाउज घातला, कारण घट्ट बाहीवरून रक्तदाब नीट मोजता येत नाही. हिरव्या बांगड्या अर्ध्या काढून ठेवल्या. कार्ड घेतलं, सोनोग्राफीचा कागद घेतला, आणि काय-काय होतंय ते वहीच्या पानावर लिहून घेतलं, कारण डॉक्टरसमोर बसलं की आपली दातखीळ बसते. आत्याही जीपमध्ये बसली. नको म्हटलं तरी ऐकेना.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. मग कार्ड उघडलं.

"पाच महिने सेहेचाळीसच?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यातल्या काट्याकडं पाहिलं.

"हे खरं आहे का? गेल्या दोन आठवड्यांत तुमचं वजन एकदम वाढलं का, ते मला कळायला हवं. एकदम वाढलं असेल तर अंगात पाणी साचतंय, आणि तुम्हा दोघांच्या जिवाला धोका आहे. चला, काट्यावर उभ्या राहा."

"न्हाई," आत्या दारातून म्हणाली. "काटा न्हाई. बाकी काय करायचं ते करा."

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिल्या. मी उठले. डोकं फुटायला आलं होतं, आणि इतक्या महिन्यांचा राग एकदम वर आला. आत्यावरचा तर होताच, त्याहून जास्त माझ्यावरचा.

"आत्या," मी म्हटलं, "हिकडं या. बघा. हुक कुठंय ह्याला? शेळीच्या पोटाखालून पट्टा घालता, लटकवता, सगळा भार गर्भावर येतो, म्हणून ती गाभडते. तिला काटा लावत न्हाईत ते बराबरच हाय. पण मला कोन टांगून राह्यलं? मी माझ्या पायावर उभी राह्यणार हाय."

आत्यानं पहिल्यांदाच तो काटा नीट पाहिला. इतके महिने ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती. जमिनीवर ठेवलेली एक चपटी पेटी, वर काच. मी तिच्या होकाराची वाट पाहिली नाही. चढले. अठ्ठावन्न.

"कधी वाढलं?" डॉक्टरांनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. माझं कार्ड खोटं बोलत होतं आणि ते खोटं मी शिकवलं होतं.

लघवी तपासली, त्यातही दोष निघाला. सुई दिली आणि गाडीत घालून हिंगोलीला पाठवलं. रस्ताभर आत्यानं माझे पाय मांडीवर धरले होते. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "माझे बी असेच सुजले व्हते. तुज्या नवऱ्याच्या आधी. समदे म्हनले, पोरगा हाय."

"मग?"

"व्हता पोरगा," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी पुढं विचारलं नाही. माझ्या पायांवरची तिची बोटं थंडगार होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी लेक झाली, दीड महिना आधी. एक किलो सातशे. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रोज सकाळी तिचं वजन व्हायचं. सुरुवातीला कमी झालं, सोळाशे चाळीसवर आलं, आणि मी रडून घेतलं. आत्या बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. मी दूध पाजून आले की तिचा पहिला प्रश्न, "आज किती?" सोळाशे साठ. सोळाशे नव्वद. अक्षर न वाचता येणारी बाई हे आकडे पाठ करायची आणि फोनवर लेकाला सांगायची, एकही चुकायचा नाही.

सगळा राग तिथंच मावळला, असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावरही तो मधूनमधून वर यायचा. मग एका सकाळी आशाताई लेकरू बघायला आली. तिच्या पिशवीत टांगायचा काटा होता, हुकाचा, खाली कापडाची झोळी. अगदी बाजारातल्यासारखा. ओसरीवर चार बायका बसल्या होत्या. त्यातली म्हातारी म्हणाली, "अगं, आधीच येवढुसं, त्यात टांगून मोजायला लागल्या. काहून नजर लावता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या उठली. तिनं आशाताईच्या हातून झोळी घेतली, गाठी ओढून पाहिल्या, एक सोडून पुन्हा बांधली. लेकीला तिनं स्वतः आत ठेवलं आणि खाली स्वतःचा पंजा धरला, न टेकवता, कापडापासून बोटभर दूर. काटा थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. आशाताईनं आकडा वाचला.

"दोन किलो शंभर," आत्यानं त्या म्हातारीकडं बघत मोठ्यानं सांगितलं. मग आशाताईकडं वळली. "लिव. जेवढं हाय तेवढंच लिव."