तांब्याभर पाण्यातला वजू

माझा मामा नळाची कामं करतो. चाळीस वर्षं तेच करतोय आणि गल्लीत त्याला सगळे प्रेशरमामा म्हणतात. काम झालं की तो सगळे नळ बंद करतो, पंपानं पाइपात पाणी कोंबतो आणि दाब मोजायच्या गेजचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही हे गिऱ्हाइकाला दाखवतो. तोवर हत्यारं पिशवीत जात नाहीत. एकदा काटा हलला नाही की मात्र विषय संपला, मग कुणी कितीही शंका काढा. मी त्याच्या बहिणीची मुलगी. सात वर्षांची असताना आई गेली, वडील त्याआधीच गेले होते, तेव्हापासून मी याच घरात वाढले. त्यामुळे मामाबद्दल चार शब्द बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे आणि तो मी सोडणार नाही.

तर असा हा ठाम माणूस घरामागच्या नळापुढे वजूला बसला की पार ढेपाळायचा.

वजू म्हणजे नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं. नीट केला तर दोन-तीन मिनिटांचं काम. मामानं ते सारं आयुष्य दोन-तीन मिनिटांतच उरकलं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला म्हणालं की अंगाला नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी वजू होत नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही. बोलणारा बोलून चहा पिऊन निघून गेला. मामाच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं, कारण त्याच्या बोटांना दिवसभर पाइप जोडायचं सोल्युशन लागलेलं असतं. ते सुकलं की कातडीवर पापुद्रा धरतं आणि त्याखाली पाणी पोचत नाही. ही भीती अगदीच खोटी नव्हती, तेवढं मी त्याच्या बाजूनं बोलते.

आधी तो बोटं दगडानं घासायचा. मग ब्लेडनं खरवडायला लागला. ज्या दिवशी कामच नव्हतं, सोल्युशनची डबी उघडलीच नव्हती, त्या दिवशीही खरवडायला लागला. तीनदा धुवायचं ते तेरा वेळा कधी झालं ते आम्हाला कळलंही नाही. मी दवाखान्यात मलमपट्टीचं काम करते, रोज दहा जणांच्या जखमा बघते, पण मामाच्या हातांवरच्या चिरा बघवत नसत. मामी रोज मलम लावायची. पुढच्या नमाजेला मामा ते धुऊन काढायचा, कारण मलमाखाली पाणी पोचत नाही. मामी पुन्हा लावायची. मी बोलायचे, पण माझं बोलणं या घरात कुणी मनावर घेत नाही.

एवढं करून नमाजेला उभा राहिला तरी सुटका नव्हती. निम्मी नमाज झाली की त्याला कोपर आठवायचं. खांदा एकदा उडायचा, नमाज मोडायची आणि स्वारी पुन्हा नळापाशी. मशिदीत जाणं त्यानं बंद केलं, कारण याचा वजू होईपर्यंत तिकडे सगळे नमाज पढून घरी गेलेले असायचे.

मग मी एक शहाणपणा केला. म्हटलं, मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहते आणि कुठे कुठे पाणी लागलं ते तुला सांगते. म्हणजे साक्षीदारच झाले. "कोपर भिजलं?" "भिजलं." "टाच?" "टाचही भिजली, चल." पहिला आठवडा इतका छान गेला की मी मामीपुढे कॉलर ताठ करून फिरले. दुसऱ्या आठवड्यात तो विचारायला लागला, "नीट बघितलंस ना?" तिसऱ्या आठवड्यात मी फोनवर बोलत होते आणि त्यानं पायावर पाणी घ्यायच्या आधीच "भिजलं" म्हणून मोकळी झाले. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. नळ पुन्हा सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

असेच आणखी काही महिने गेले. मग एका दुपारी शिलाईवाल्या बाई दारात आल्या. मामानं त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत नवा पाइप टाकून वर फरशी बसवून दिली होती.

"मामा, झोप नाही मला," बाई म्हणाल्या. "आत गळत असलं तर कळणार कसं? दोन फरशा काढून बघू या का?"

"कुठे ओल दिसते?"

"दिसत नाही. पण वाटतं."

"काटा अर्धा तास हलला नाही, तुम्ही स्वतः स्टुलावर बसून बघितलात. ओल नाही, वास नाही. मग वाटतं म्हणून भिंत फोडायची? आणि ऐका, चांगला सांधा दर वेळी उघडून बघितला की तोही गळायला लागतो. घरी जा, झोपा."

बाई बऱ्याच हलक्या होऊन गेल्या. तेवढ्यात असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेची अजान झाली. मी सवयीनं टॉवेल घेतला. मामा खुर्चीतून उठला नाही.

"अजान झाली, मामा."

"ऐकली."

"मग उठ की."

"नाही जमत आता," तो म्हणाला. "पाच वर्षांत एक नमाज धड झाली असं वाटलेलं नाही. पोचतच नसेल तर कशाला करायची?"

मी घाबरले, खरंच घाबरले. तापात फणफणत असताना या माणसानं अंथरुणात बसून नमाज पढलेली मी बघितलीय. पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या बोळात पोतं अंथरून पढलेली बघितलीय. तो आता उठत नव्हता. आणि मी घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

"त्या बाईला आत्ता काय काय ऐकवलंस?" मी म्हटलं. "तिची फरशी फोडायला तयार नाहीस आणि स्वतःची कातडी रोज सोलतोस. तिला झोप म्हणतोस. तू कधी झोपणार?"

मामी आतून धावत आली. मामानं मला बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाला, "पाइपाला गेज लावता येतो गं. इथं काटा कुठे दिसतो?"

मी त्याच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "ज्याला उत्तर येतं त्याच्याकडे चल."

मशिदीचे इमाम तिशीतले. मामाच्या मते कालचं पोरगं. ते रांगत होते तेव्हा मामा त्यांच्या घरी नळ बसवायला जायचा. त्यामुळे वाटेत त्याची कुरकुर चाललीच होती, की आता हा मला वजू शिकवणार. पण मशिदीच्या अंगणात बसल्यावर सगळं सांगितलं मीच, शिलाईवाल्या बाईंसकट. मामा आपल्या हातांकडे बघत बसला.

इमामांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मामा, कोपर कोरडं राहिलेलं कधी डोळ्यांनी बघितलंत?"

"डोळ्यांनी नाही. वाटतं."

"धुतलं हे तुम्हाला माहीत असतं आणि राहिलं असं वाटतं. माहीत असलेलं नुसत्या वाटण्यानं खोटं ठरत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, आपल्या दीनचा, धर्माचा नियमच आहे. ही जी मनात पेरलेली शंका असते ना, तिला वसवसा म्हणतात. तिचं समाधान करायचं नसतं. कितीही केलं तरी ती आणखी मागते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा हेतू चांगला होता, पण उद्यापासून नळापाशी उभी राहू नकोस. तू 'भिजलं' म्हणालीस की शंकेला आणखी बळ मिळतं."

माझे कान तापले. त्यांनी आतून एक तांब्या आणला, भरला आणि मामापुढे ठेवला.

"एवढ्यात करायचा. धुवायचं ते तीन वेळा, चौथ्यांदा नाही. चौथ्यांदा धुण्यात सवाब नाही, पुण्य नाही, चूक आहे. पाणी संपलं की वजू झाला."

"आणि राहिलंच तर?"

"तर शिकवणाऱ्याचं चुकलं. जाब मला द्यावा लागेल. तुम्ही आमच्या घरची टाकी बसवलीत तेव्हा मी आत वाकून बघितलं होतं का?"

"बघायला हवं होतं," मामा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी हसला.

इमामही हसले. "मामा, तुम्ही अल्लाहला फरशा काढून बघणारं गिऱ्हाईक समजून बसलात. तो आपल्याला अडचणीत टाकायला बसलेला नाही. त्यानं दीन सोपा दिलाय. सूर्य मावळायला वेळ आहे, तोवर असर होते. उठा."

मी मुद्दाम पाठ फिरवून बसले. मला हे किती अवघड गेलं ते सांगून पटायचं नाही. मागे तांब्या उचलल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. थोडं थांबून पुन्हा पाण्याचा. मग रिकामा तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. आता मला हाक मारतो असं वाटलं. मग ओली पावलं माझ्या शेजारून आत गेली.

खिडकीच्या जाळीतून मला त्याची पाठ दिसत होती. पहिली रकात, म्हणजे नमाजेचं पहिलं आवर्तन, झाली. दुसऱ्या रकातीला उभा असताना त्याचा खांदा उडाला, अगदी घरी उडायचा तसा. मी जाळीला घट्ट धरलं. आता वळणार, आता वळणार. तो वळला नाही. हळूच वाकला, मग डोकं जमिनीला टेकवलं, आणि पुढच्या दोन रकातीही त्यानं तशाच सावकाश पुऱ्या केल्या. मी तिथंच, चपलांच्या फळीशेजारी, पदराच्या टोकानं डोळे पुसत बसले. मला रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी बरं वाटलं.

त्याचं काही पहिल्याच दिवशी सगळं सुटलं नाही. पुढे कितीतरी दिवस तो तांब्या संपला की नळाकडे बघायचा. पण बघायचा आणि उठायचा. मामीनं लावलेलं मलमही आता दोन नमाजांच्या मधल्या वेळात मुरायला लागलंय.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र नमाज संपली तरी तो बाहेर येईना. तळवे उघडे ठेवून बसून राहिला होता. बाकीची दोन-चार माणसं येऊन गेली, तरी हा तिथंच. शेवटी सावकाश बाहेर आला आणि चपला शोधायला लागला.

"मध्येच आली होती ना शंका?" मी विचारलं.

"आली होती. म्हटलं, बस बाजूला, नमाज चालू आहे."

"आणि नंतर एवढा वेळ काय मागत होतास?"

"काही नाही गं," मामा म्हणाला. "नुसता बसलो होतो. पाच वर्षांत नमाज झाल्यावर त्याच्यापाशी बसायला वेळच मिळाला नव्हता."