मशीनला विसावा

लंपीच्या साथीत आमचा एक बैल गेला. दुसरा राहिला, पण एकट्या बैलावर औत कसलं चालतंय? तोही बाजारात गेला. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. अण्णाचा मित्र येऊन बैल सोडून घेऊन गेला, तेव्हा ते आत भिंतीकडं तोंड करून बसले होते. अण्णा माझा थोरला भाऊ, पुण्यात कंपनीत आहे. मी बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात, कडोलीकडच्या आमच्या गावातनं रोज बसनं जाऊन येऊन. आई नाही. घरात दोघंच, आप्पा आणि मी.

अण्णानं फोनवर सरळच सांगितलं. "पेट्रोलचं मशीन आणून देतो. आप्पांना जमलं तर शेत आपण करू. न्हाय जमलं तर वाट्यानं देऊन टाकू. ह्या वयात परत बैलं जोडायचं खूळ नको." बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पुण्यात बसून काय बोलायला जातंय! देवळाच्या कट्ट्यावर बसून पत्ते कुटणाऱ्यांतले आप्पा नव्हेत. त्यांना शेताशिवाय दुसरं काही येतच नाही, आणि ते शिकावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. शेत गेलं असतं तर ह्या माणसानं सकाळी उठून जायचं कुठं?

मशीन आलं. पॉवर वीडर. दोन दांड्या धरून मागनं चालायचं, खाली पाती गरागरा फिरतात आणि माती भुसभुशीत करत पुढं जातात. दुकानातला माणूस शेतात येऊन दाखवून गेला. त्याची भाषा अर्धी कन्नड, अर्धी मराठी. तेल बघायचं, मगच दोरी ओढायची. पायांत बूट पाहिजेत, चप्पल चालायची नाही. पात्यांत गवत गुंतलं तर इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, मगच हात घालायचा. मागं घेताना सावकाश, नाहीतर पाती पायावर येतात. आप्पा सगळ्याला मान डोलवत होते. कळत होतं की नव्हतं, देव जाणे. शेवटी तो माणूस म्हणाला, "तासभर चालवला की विसावा द्या त्याला. तापतोय तो."

विसावा! एवढा एक शब्द ऐकला आणि आप्पांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बघ गं, ह्यालाबी दम लागतोय."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात ते मशीन राहिलं नाही, 'त्यो' झाला. त्यो आज नीट चालला. त्यो आज रुसलाय. सकाळी दोरी ओढायच्या आधी आप्पा टाकीवर दोन थापा मारायचे.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. कासरा ओढला की बैल थांबतो. इथं दांडी ओढली की मशीन अंगावर येतं. आप्पा "होऽ, होऽ" करत मागं सरकायचे आणि मी बांधावरनं बोंबलायची, "आप्पा, क्लच सोडा! त्याला कान न्हाईत!"

"तुला तरी कुठं हाईत?" ते तिकडनं ओरडायचे.

पण जमलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं नव्हतं. अण्णाचे जुने बूट घालून आप्पा मिरचीच्या सरीतनं असे सरळ गेले की एका झाडाला धक्का नाही. मी व्हिडिओ काढून अण्णाला पाठवला, ऑफिसात झाडून सगळ्यांना दाखवला. शेत राहिलं, आप्पा राहिले, असं मी मनात म्हणून टाकलं. मेली माझी जीभ काळी का मन काळं, कुणास ठाऊक.

कारण एक गोष्ट त्यांच्या हातनं सुटली नाही. औत सोडून घरी आलं की आधी जनावराची वैरण-पाणी. अंगावरनं हात फिरवायचा, वारं-पाऊस असेल तर पाठीवर गोणपाट टाकायचं. मग माणसानं आपलं तोंड धुवायचं. जन्मभर हेच. मशीन गोठ्यात आणलं की आप्पा तेच करायचे. आल्या आल्या टाकीत पेट्रोल, मग फडक्यानं पुसणं, मग वरनं गोणपाट.

"आप्पा, गार होऊ द्या आधी! तापलेल्या इंजिनात कोण पेट्रोल ओततंय?" मी घसा फुटेस्तोवर सांगत होते.

"दमून आलेल्याला उपाशी उभा करतंय व्हय कोण? आधी त्याचं, मग माझं."

पेट्रोलचा कॅन मी घरात आणून ठेवला. त्यांनी तो परत गोठ्यात नेला. वैरण कधी माजघरात ठेवत्यात काय, म्हणाले. मी हसले. हसण्यासारखंच होतं की ते.

थंडीचे दिवस होते. रविवार, दुपार, आणि वारं असं झोंबणारं. आप्पा शेतातनं आले ते मला आवाजावरनं कळलं. मी घरामागच्या परड्यात कपडे धूत होते. इंजिन बंद झालं. थोड्या वेळानं आप्पांचा आवाज आला, "अगं अगं अगं..." मला वाटलं मलाच हाक मारतायत. पण तो आवाज वेगळा होता. जनावर धडपडलं की ते तसं करतात. मग जळक्या तागाचा वास आला.

मी ओल्या हातानं पळाले. ओतताना सांडलं होतं, आणि त्यावर गोणपाट टाकलं होतं, ते सायलेन्सरला चिकटून पेटलं होतं. आप्पा ते पेटतं गोणपाट हातानं ओढत होते. "सोडा! आप्पा, सोडा ते!" सोडतायत कुठले! ओढून बाजूला टाकलं आणि भरली घागर मशीनवर उपडी केली. पाण्यावरनं आग पळत कडब्याकडं गेली. "पाणी नको! माती टाका, माती!" मी किंचाळत होते. शेजारच्या काकू पाटीभर माती घेऊन धावत आल्या, मी हातानं उपसून टाकत राहिले, तेव्हा कुठं विझलं. दुधाची एक म्हैस होती, ती बाहेर बांधलेली म्हणून वाचली. मशीनचा कोळसा झाला होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. बापाला बोलू नये ते बोलले. मग त्यांचा उजवा हात दिसला. तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. ते त्याच्याकडं बघतही नव्हते.

"त्याला किती लागलंय गं?" त्यांनी मला विचारलं.

असं वाटलं, त्या मशीनला लाथा घालाव्यात.

बेळगावच्या डॉक्टरनं हात वाचवला, पण बोटं आता पुरती मिटत नाहीत. अण्णा पुण्याहून आला. मी वाट बघत होते, आता हा वाट्याचं काढणार, आणि काढलं की मी त्याला फाडून खाणार. पण त्यानं आप्पांचा हात बघितला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "आप्पा, शेत कुणाला देत न्हाय मी. हात बरा होऊ दे. दुसरं मशीन आणूया. तुमीच चालवा."

आख्खा हंगाम मी ह्या एका वाक्यासाठी झुरले होते. मी आप्पांकडं बघितलं.

"नको," आप्पा म्हणाले. "दिऊन टाक शेत."

"का, आप्पा?"

त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "बैलाचं आधी बघितलं की बैल जगायचा. ह्याचं आधी बघितलं, तर ह्यो जळला. माया केली की जळतंय. मग मी त्याचं करू तरी काय?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. तापलेलं असताना जवळ जाऊ नका, काही भरवू नका, पांघरूण घालू नका, एवढंच तर मला सांगता येत होतं. ते रडत बोलले असते तर मी जवळ जाऊन बसले असते. चिडले असते तर मीही चिडले असते. पण आप्पा रडत नव्हते आणि चिडलेही नव्हते. ते खरंच विचारत होते.