बिनफोडणीची काकडी

मुलगा जपानात नोकरीला गेला, त्याला चार वर्षं झाली. यजमान त्याआधीच वारले. तेव्हापासून घरात मी एकटी आणि रविवारी सकाळी दहाला येणारा त्याचा फोन. फोन कसला, हजेरी! जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ऊन किती आहे. बुऱ्हाणपुरात मे महिन्यात ऊन किती असणार? तो रस्त्याने चालता चालता बोलतो, त्यामुळे तीन-चार मिनिटांत सगळं आटोपतं. मग पुढचा रविवार येईपर्यंत मी आणि पंखा.

एकदा तो "ठेवतो" म्हणायच्या आत मी घाईने विचारलं, "तिकडे उन्हाळ्यात काय खाता रे?"

तो खुलला. काकडीच्या पातळ चकत्या करायच्या, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या, घट्ट पिळायच्या. मग सिरका, साखर, थोडा सोया सॉस, वर भाजलेले तीळ आणि थंडगार खायचं. सोया सॉस मला सिंधीपुऱ्यातल्या एका दुकानात मिळाला. पिळलेलं पाणी टाकवेना म्हणून त्यात कणीक भिजवली. पुढच्या रविवारी वाटी फोनसमोर धरली.

"आई, हे काळं काळं काय आहे?"

"मोहरी."

"तडका लावला तू? जपानी सलादला?"

मला कळलंच नव्हतं. काकडी चिरली की हात आपोआप फोडणीच्या पळीकडे जातो. जित्याची खोड! दाण्याचा कूटही घातला होता, ते मी सांगितलंच नाही. तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मग त्याने पहिल्यापासून सगळं परत समजावलं. बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

मी शाळेत गणित शिकवायचे. एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत तेच ते उदाहरण घेऊन यायची. "डोक्यात बटाटे भरलेत का?" असं मी एकदा तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते. तिला ते गणित येत होतं, हे मला आता कळतं. फार लाज वाटते.

गेल्या रविवारी काकडी अगदी जमली. मी मोठ्या तोऱ्यात वाटी दाखवली.

"वा! एकदम परफेक्ट. आता तुला विचारायची गरजच नाही. चल आई, ठेवतो."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आंबटगोड, कुरकुरीत, गार काकडी मी एकटीने खाल्ली. चांगली झाली होती. पण सांगायचं कोणाला? त्या दुपारी मला रडू आलं.

आज पुन्हा केली. चव बघितली, काही म्हणता काही कमी नव्हतं. दहाला पाच मिनिटं असताना वाटी फ्रिजमधून काढली, ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. मग पळीत तेल तापवलं. मोहरी तडतडली, हिंग घातला आणि गार काकडीवर फोडणी ओतली.

फोन वाजला.

"बघ रे जरा," मी वाटी पुढे धरली, "परत काहीतरी बिघडलंय."

या वेळी तो हसला नाही. चालायचा थांबला. वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांब आई," तो म्हणाला, "कुठेतरी बसतो आधी."