फक्त फोनवर

माझा दादा जन्मापासून ठार बहिरा. सगळी गल्ली त्याला ‘मुका’ म्हणायची, आणि ते त्याला ओठांवरून बरोबर कळायचं. फर्निचरच्या कारखान्यात तो पॉलिशचं काम करायचा. हात इतका साफ, की मालक गिऱ्हाइकाला मुद्दाम त्याचंच टेबल दाखवायचा. पण जेवणाच्या सुट्टीत बाकीचे गप्पांत रंगायचे आणि दादा कोपऱ्यात बसून एकटाच डबा संपवायचा.

एक दिवस तिथल्या सुतारानं तंबाखू मळली आणि तळहात त्याच्यापुढे धरला. दादानं चिमूट उचलली. दुसऱ्या दिवसापासून तो घोळक्यात बसू लागला. तंबाखू मागायला काय नि द्यायला काय, तोंड उघडावं लागत नाही. मला कळल्यावर मी आकांडतांडव केलं. त्यानं हातांनी सांगितलं, ‘तिथे माझ्याशी कोणी बोलतं, ते एवढंच.’

अठरा वर्षांनी त्याच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघताच मला सांगितलं, “यांना सांगा, आजपासून तंबाखू बंद.” आणि हातात एक चिठ्ठी दिली. सोडायला मदत हवी असेल तर या नंबरवर फोन करा, म्हणे.

मी फोन लावला.

“ज्यांना सोडायचीय त्यांनाच द्या,” पलीकडची बाई म्हणाली.

“माझा भाऊ आहे. त्याला ऐकू येत नाही.”

“मग जरा मोठ्यानं बोलते ना मी.”

“अहो, अजिबात ऐकू येत नाही. मेसेजवर बोलाल का त्याच्याशी?”

“ताई, आमचं काम फक्त फोनवर चालतं.”

दादा माझ्या तोंडाकडे टक लावून बसला होता. त्याला काय सांगणार, कप्पाळ!

पुढे कळलं, आरोग्य खात्याचा तंबाखूमुक्तीचा नवा आराखडा ठरतोय आणि लोकांकडून सूचना मागवल्यात. आम्ही दोघं त्या बैठकीला गेलो. दादानं स्वतःच्या अक्षरात पानभर लिहून नेलं होतं : फोनऐवजी मेसेज, जाहिरातीच्या फिल्मखाली अक्षरं, दवाखान्यात खुणांची भाषा येणारं एक तरी माणूस. खात्याच्या अधिकारी मॅडमनी पान वाचलं, अगदी शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाल्या, “अहो, पण अशी माणसं असून असून किती असणार? आधी जास्त लोकांचं बघू.”

मग दिवे मालवून तंबाखूविरोधी फिल्म लावली. पडद्यावर नुसती चित्रं, बोलणारा कुठेच दिसेना. दादा मला कोपरानं ढोसून विचारत राहिला, ‘काय म्हणतोय?’ अंधारात माझे हात त्याला दिसेनात.

त्यानं स्वतःच्या बळावर दोनदा सोडली. दुसऱ्या खेपेला तीन आठवडे टिकला. पण तंबाखू नाही म्हटल्यावर घोळक्यात बसून करायचं काय? पुन्हा सुरू झाली. वर्षभरात चट्ट्याची जखम झाली आणि अर्धी जीभ कापावी लागली.

मावशी दवाखान्यात भेटायला आली. पलंगाशी उभी राहून म्हणाली, “एक बरं, तसाही तो बोलत नव्हता.”

दादानं ते ओठांवरून वाचलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्याला कुणी काही सांगू शकत नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं ते उघडले नाहीत.

आता त्याला सगळं पातळ करून द्यावं लागतं. चव फारशी कळत नाही. दर रविवारी तो बहिऱ्यांच्या मंडळात जातो, खिडकीपाशी उजेडात उभा राहतो आणि तोंड उघडून दाखवतो. मग हातांनी सगळं सांगतो. तिघांनी सोडली. बाकीचे बघून मान हलवतात आणि बाहेर जाऊन मळतात.

गेल्या महिन्यात त्याच मॅडमचा मला फोन आला. नव्या पोस्टरसाठी दादाच्या तोंडाचा फोटो हवा होता.

मी दादाला विचारलं. त्यानं कागद घेतला आणि लिहिलं, ‘पोस्टरवर खाली नंबर कुणाचा असणार?’

तो कागद मी त्यांना पाठवला. त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी फोटो घेतला. नंबर तोच आहे.