ब्रशवर उरेल तेवढंच

"पुसून टाक ते."

"पुसता येत नाही, ताई. वाळलंय."

"मग पुढचं लिही. वाक्य अर्धं टाकून उठतं का कोणी?"

"रंग संपला, वाक्य संपलं. नियमच आहे तसा."

"नियम तुझा असेल. तोंड माझं आहे."

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. आत जावं की आल्या पावली जिना चढून वर जावं, ठरत नव्हतं. या दोघी बहिणींच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. खाली आवाज चढले की मला सगळं ऐकू येतं, आणि मी नाटक शिकलेली असल्यामुळे दुसऱ्याचं भांडण नुसतं भिंतीआडून ऐकायला मला जमत नाही. समोरून बघावंच लागतं.

"ये, ये," ताई म्हणाली. "तूच सांग हिला. वाच ते, आणि तुला काय वाटलं ते सांग."

धाकटीला घरात छोटी म्हणतात. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताईपेक्षा ती इतकी लहान की आई गेल्यावर शाळेतल्या पालकसभेला ताईच जाऊन बसायची, आणि ताईही तेव्हा एवढीशीच, म्हणून बाई तिलाच विचारायच्या, "तू कुठल्या वर्गात गं?"

ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि ताई त्यावर दात घडवते. गल्लीतली पोरं तिला दातताई म्हणतात. तिला ते आवडतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची तिला सवयच नाही, ती तोंडाकडे बघते. खोली बघायला आले होते तेव्हा मी दहा वाक्यं बोलले असेन, आणि तिने विचारलं काय, तर "वरचा डावा बसवलाय ना? छान केलाय. कोणी केला?" त्याच दिवशी खोली मिळाली.

तर ताईच्या म्हणण्याप्रमाणे मी वाचायला गेले. छोटीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प भिंतीला टेकून उभा होता. दरवाजाएवढा प्लायवूडचा बोर्ड. त्यावर ताई, तिच्या खऱ्या उंचीची, कामाच्या बाकाशी बसलेली, हातात बारीक ब्रश. आणि तिच्या अंगाभोवती, एप्रनच्या कडेने, खुर्चीच्या पायांमधून, केसांच्या वरून अक्षरं. ती वेगळ्या शाईने लिहिलेली नव्हती. एप्रनचा करडा पांढरा जिथे थांबतो तिथून करड्या पांढऱ्या ओळी निघत होत्या, सावलीतून जांभळट ओळी. प्रत्येक ओळ सुरुवातीला ठसठशीत, मग फिकी, मग ब्रशच्या केसांचे नुसते ओरखडे, मग काही नाही. मी हे चित्र वाढताना रोज बघितलं होतं, तरी पुन्हा एकदा तिथे उभी राहिले आणि कपातला चहा गार झाला.

हे असं आधी नव्हतं. छोटीने पहिल्यांदा चित्र वेगळं काढलं होतं आणि ताईबद्दल तीन पानं वेगळी लिहिली होती. दोन्ही शेजारी शेजारी लावून तिने सरांना दाखवली. सर म्हणाले, "चित्र चांगलं आहे. लेख पण बरा आहे. पण ही दोघं एकाच बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी माणसं आहेत." छोटी घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली. ताई तिला समजवायला काहीतरी जुनंपानं बोलत बसली, मग छोटी उठून उगाच रंगवायला लागली. ताई बोलतेय, छोटी रंगवतेय. ब्रश धुवायला पाण्यात घालणार, इतक्यात तिने तो परत काढला आणि त्यावर उरलेल्या रंगाने ताईचं बोलणंच बोर्डवर लिहून टाकलं. रंग संपला तिथे हात थांबवला.

त्या दिवसापासून नियम झाला. आधी चित्र, मग ब्रशवर जे उरेल तेवढंच लिहायचं. लिहिण्यासाठी म्हणून रंग घ्यायचा नाही. नव्याने बुडवायचा नाही. आणि लिहायचं फक्त ताई बोलली ते, तिच्याच शब्दांत. सर मग घरी येऊन बघून गेले. जाताना दारात म्हणाले, "आता या दोघांचं लग्न लागलं."

"वाचलंस?" ताईने विचारलं. तिचं बोट चित्रातल्या खांद्याजवळच्या एका ओळीवर होतं.

ओळ अशी होती: मला बाहेर शिकायला जायचं होतं, पण तू

"वाचलं," मी म्हटलं.

"काय कळलं?"

मी छोटीकडे बघितलं. तिने मान फिरवली. "हेच," मी म्हटलं, "की छोटीला सांभाळायचं होतं म्हणून तुम्ही गेला नाहीत."

"बघ." ताई छोटीकडे वळली. "ही घरातली आहे, तरी हिला हेच कळलं. उद्या प्रदर्शनाला त्या कॉलेजच्या हॉलमध्ये गावभरची माणसं येतील. वाचतील आणि च्च च्च करतील. बिचारी ताई. बहिणीसाठी जळली. मला कोणाचं च्च च्च नको. मी काय बोलले होते? पूर्ण सांग."

"पण तू नसतीस तरी मी गेले नसते," छोटी पुटपुटली.

"मोठ्याने."

"ऐकू आलंय तिला, ताई."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"'पण तू' पाशी ब्रश कोरडा पडला. मी काय करू? मुद्दाम नाही केलं. आणि सर त्याच ओळीपाशी थांबले होते. चष्मा काढला त्यांनी. म्हणाले, अख्ख्या बोर्डाचा जीव इथे आहे, इथे हात लावू नकोस."

"सरांना चष्मा पुसायला दुसरी ओळ बघा म्हणावं."

मला हसू आलं, पण छोटीचे डोळे भरले होते, म्हणून गिळलं. तिची अडचण खरी होती. दुपारी बोर्ड कॉलेजच्या हॉलमध्ये पोचवायचा होता. ब्रश एकदा जरी नव्याने बुडवला तरी बाकीच्या सगळ्या ओळी खोट्या पडणार होत्या, कारण मग कुठली ओळ आपणहून थांबली आणि कुठली थांबवली हे कोण सांगणार? आणि नाही लिहिलं, तर ताई हॉलमध्ये टांगली जाणार होती ती दुसरीच कोणीतरी होऊन.

"लिहायचं तर आधी रंगवावं लागेल," छोटी म्हणाली. "आणि रंगवण्यासारखं काही उरलेलं नाही. चित्र पूर्ण झालंय."

ताई दोन पावलं मागे सरकली. आपल्याच चेहऱ्याकडे तिने मान तिरकी करून पाहिलं.

"हे पूर्ण झालंय? ही बाई कोण आहे? हिला झोप आलीय."

"तू तशीच बसली होतीस."

"मला तू बसवायचीस कधी? संध्याकाळी. दिवसभर खपून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, हातात रिकामा ब्रश देऊन. मग झोप नाही येणार तर काय? तू मला कामावर बघितलंयस कधी?"

"लहानपणी यायची ना मी."

"लहानपणी तू मेणाचे गोळे करून खायचीस. कामाकडे कुठे बघत होतीस?" ताईने डबा पिशवीत टाकला. "मला उशीर होतोय. यायचं तर चल. आणि ते दार घे बरोबर."

अशी आमची वरात निघाली. पुढे ताई, पिशवी हलवत, रस्ता मोकळा करत. मागे बोर्डचं एक टोक छोटीच्या हातात, दुसरं माझ्या. मध्ये दुसरी ताई, आडवी, आभाळाकडे तोंड करून. किराणावाल्याने हात जोडल्यासारखं केलं आणि मग चित्र आहे हे कळल्यावर तेच हात डोकं खाजवायला गेले. एक पोरगं ओरडलं, "दातताईला उचलून नेतायत!" खरी ताई वळून म्हणाली, "तुझा दुधाचा दात हलतोय ना? तो पडू दे, मग तुझ्याकडे बघते."

लॅबच्या दारात मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "दार विकायला आणलंत?"

"भिंतीला लावते," ताई म्हणाली. "पंख्याखाली नको, धूळ उडते."

खोली लहान होती. रॅकवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. खिडकीजवळ ताईचा बाक. त्यावर काचेची फरशी, पाण्याची वाटी, पावडरींच्या डब्या आणि एक छोटी भट्टी. समोर भिंतीला एका माणसाचा हसतानाचा फोटो चिकटवलेला. पुढच्या दातांत एकाची जागा रिकामी. बसने ब्रेक मारला आणि त्याने दांडीवर तोंड आपटून घेतलं, एवढीच त्याची ताईला माहीत असलेली गोष्ट.

ताईने एप्रन चढवला आणि ती आम्हाला विसरली. विसरली म्हणजे अक्षरशः. पावडर पाण्यात कालवली, बारीक ब्रशच्या टोकावर थेंबभर घेतली आणि धातूच्या इवल्याशा टोपीवर ठेवली. मग दुसरा थेंब. टिश्यूने पाणी टिपलं. परत थेंब. वेगवेगळ्या डब्यांतून घेत होती, पण ओल्या पेस्टचा रंग सगळा सारखाच, खडूसारखा. कुठला खडू भाजल्यावर पिवळसर होणार आणि कुठला निळसर, ते तिथे दिसतच नव्हतं. भट्टीत दात आवळतो, म्हणून ती तो मोठाही घडवत होती. म्हणजे रंग चुकीचा, माप चुकीचं, आणि ती मात्र एकेक थेंब असा ठेवत होती जणू तिला भाजून झालेला दात समोर दिसतोय. मी रंगमंचावर पुष्कळ लोकांना एकाग्र होण्याचा अभिनय करताना पाहिलंय, स्वतःही केलाय. इथे अभिनयाला जागाच नव्हती.

दात भट्टीत गेला. मालक मला म्हणाला, "आता बघा हिला. इतकी वर्षं झाली, अजून उठून उभी राहते."

खरंच उठली. भट्टी उघडली आणि तो कण खाली आला, निखाऱ्यासारखा. ताई हात मागे बांधून वाकली. केशरी गेलं. मग त्या एवढ्याशा जागेत एकेक करून रंग यायला लागले. हिरडीकडे जरासा मधासारखा, मध्ये दुधाळ, टोकाला निळसर, पाणी असावं तसा. फोटोतल्या माणसाच्या शेजारच्या दातात एक पुसट पांढरा डाग होता. तसा डाग यातही होता, आत, खोल. तिने तो मघाशी कुठल्या तरी थेंबात पेरला होता आणि आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गार झाल्यावर तिने तो चिमट्याने खिडकीसमोर धरला. टोकातून उजेड आरपार आला. ताईच्या भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडलं. श्वास घ्यायची थांबली असावी. असले हजारो दात केलेली बाई, आणि चेहऱ्यावर भाव असा की हे प्रकरण ती आज पहिल्यांदाच बघतेय आणि ते तिने केलेलं नाहीच.

मी छोटीकडे पाहिलं. तिचाही चेहरा तसाच झाला होता, फक्त ती दाताकडे बघत नव्हती.

तिने झोळीतून रंग काढले ते जमिनीवरच. बोर्डसमोर गुडघे टेकून बसली आणि पूर्ण झालेल्या चेहऱ्यावर, जो सरांनी पास केला होता, थेट गालापासून नवा रंग चढवायला लागली. मला बघवेना. भुवया उचलल्या. पापण्या उघडल्या. ओठांमध्ये एक गडद फट, श्वास अडकल्याएवढी. खिडकीचा उजेड नाकाच्या शेंड्यावर. मधेच ती थबकली आणि मला वाटलं, संपलं, बिघडलं. मग कपाळावर तिने एकच पट्टा ओढला आणि बोर्डमधली बाई जागी झाली.

ताई तोवर तो दात साच्यावर बसवून घासत होती. वर बघितलंही नाही.

छोटीने ब्रश उचलला. त्यावर होतं ते कपाळाचं, उजेडाचं, थोडं पिवळं थोडं गुलाबी. ती खांद्याजवळच्या ओळीशी गेली. पण तू, याच्या पुढे तिने लिहिलं: नसतीस. अक्षर भरघोस आलं. तरी मी. ते जरा फिकं झालं. गेले, याला ब्रश करकरला.

"घे की अजून थोडा रंग," मालक दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातातलं काम कधीच थांबलं होतं. "कोण बघतंय?"

छोटीने मान हलवली. ब्रश आडवा केला, केसांच्या मुळाशी अडकलेला रंग दाबून पुढे आणला आणि शेवटचा शब्द लिहिला. लिहिला म्हणजे ओरखडला. नसते. शेवटचं अक्षर उजेडात वाकून पाहिलं तरच दिसत होतं, पण होतं.

आम्ही तिघं त्या एका अक्षराकडे बघत राहिलो.

ताईने हात धुतले, पुसले आणि येऊन उभी राहिली. आधी चेहरा पाहिला. मग ओळ वाचली, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग परत चेहऱ्याकडे गेली आणि तिथेच थांबली. तिचा हात स्वतःच्या गालाकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून खाली आला.

"हं," ती म्हणाली. "ही मी आहे."

छोटी अजून गुडघ्यांवरच होती. ब्रश तिच्या मुठीत होता.

"सर ओरडतील," ती म्हणाली.

"ओरडू देत."

"ताई."

"काय?"

"एक विचारू? हे तू मला बरं वाटावं म्हणून नाही ना बोललीस? खरं सांग. मी नसते, तर खरंच गेली नसतीस?"

ताईने एप्रन काढून खुंटीला लावला. दात डबीत ठेवला, डबीचं झाकण दाबून बघितलं. मग छोटीच्या केसांना लागलेला रंग नखाने खरवडून काढला, डबी पिशवीत टाकली आणि डॉक्टरांकडे द्यायला निघून गेली.