बुरुजावरचा फेटा

कंपनीत काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. मशीनखाली ऑइल साचतं तसे ते आपोआप साचतात, आणि पुसायला कुणी येत नाही. आमची कंपनी लोणी देवकरच्या एमआयडीसीत. दर मे महिन्यात एक दिवस प्लांट बंद ठेवून सगळ्यांना बायकापोरांसकट सासवडकडच्या एका जुन्या गडावर नेतात. नाव 'फॅमिली डे'! पण ठेकेदाराच्या माणसांपैकी यंदा कोण पर्मनंट होणार, हे एचआरचे साहेब त्याच दिवशी गडाच्या बुरुजावर माइकवरून जाहीर करतात. म्हणजे आम्ही पर्मनंटवाले जातो सहलीला आणि ठेक्यावरचे जातात इंटरव्ह्यूला.

पॅकिंगचे दत्तूतात्या ठेक्यावरचेच. आमच्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली शिकून पर्मनंट झाले, तात्या तिथंच राहिले. "यंदा तुमचं बघतो," असं साहेबांनी होळीलाच सांगितलं होतं. तात्यांनी त्या शब्दावर सगळा उन्हाळा काढला.

*

बसमध्ये टोप्या वाटल्या. कंपनीचं नाव छापलेल्या, फक्त पर्मनंटना. तात्यांनी सहज विचारलं, "आमाला न्हाय का टोपी?"

साहेब म्हणाले, "बजेटमध्ये बसत नाही हो. आणि तुम्हाला तर उन्हाची सवय आहे!"

अख्खी बस हसली. तात्याही हसले. त्या दिवशी त्यांना प्रत्येक जोकला हसणं भाग होतं.

*

आमचे सेफ्टी ऑफिसर म्हणजे वेगळंच प्रकरण. सेफ्टी टॉक झाल्याशिवाय ते माणसाला कुठल्या गेटातून आत सोडत नाहीत. गडाच्या दरवाजातही सगळ्यांना रांगेत उभं केलं. पायऱ्यांना रेलिंग नाही म्हणून नाराजी व्यक्त केली. मग तिथं ताक विकणाऱ्या म्हाताऱ्या आबांना विचारलं, "पूर्वी इथं काही अपघात?"

"लई माणसं मेल्यात की हितं!"

"कधी?"

"लढाईत."

"बरं, मग पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय केले?"

आबा म्हणाले, "उपाय कुठला? फुडं राज्यच गेलं, सायेब."

*

वर जेवणाचे डबे, पाण्याचे जार आणि स्पीकर न्यायचे होते. एचआरचे साहेब म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत. व्हॉलंटियर कोण कोण?" ठेक्यावरच्या सगळ्यांचे हात एकदम वर! कुटुंबातले बाकीचे सेल्फी काढत पुढं गेले. तात्यांनी स्पीकर डोक्यावर घेतला. त्यांच्या मागं शांताकाकू, त्यांची बायको. काकूंचे गुडघे पार गेलेले, एकेक पायरी हातानं धरून चढत होत्या.

मी म्हटलं, "काकू, खाली सावलीला बसायचं की."

"नगं बाबा. गेल्या साली बसले व्हते. तर सायेब ह्यांना म्हनलं, तुमच्या फ्यामिलीला कंपनीत इंटरेस्ट न्हाय!"

*

वर रस्सीखेच झाली. ऑफिस स्टाफ विरुद्ध ठेकेदाराची माणसं. दिवसभर पोती उचलणारे गडी, एसीत बसणाऱ्यांकडून हरले. दरवर्षी हरतात. यंदा तर स्टाफमधले दोघं दोरी सोडून फोटो काढत होते. तरी स्टाफच जिंकला!

*

ऊन कलल्यावर बुरुजावर माइक लागला. साहेबांनी पहिलंच नाव पुकारलं, "दत्तूतात्या!" काय टाळ्या पडल्या! काकूंनी पदर सावरला.

साहेब पुढं म्हणाले, "तात्यांचं आता वय झालं. ठेकेदार त्यांना पुढच्या महिन्यापासून मोकळं करतोय. तेव्हा कंपनीच्या कुटुंबातर्फे हा छोटासा निरोप."

टाळ्या थांबल्या. ताटात फेटा आणून ठेवला होता, पण तो बांधायला कुणालाच येईना. साहेब म्हणाले, "तात्या, तुम्ही लग्नांत बांधता म्हणे! बांधा की मग तुमचा तुम्हीच."

मला इतका संताप आला, की मी तोंड फिरवून दरीकडं बघत राहिलो. पुन्हा वळलो तेव्हा तात्या दगडावर बसून आपल्याच गुडघ्यावर फेटा बांधत होते. घाई नाही, काही नाही. तुरा काढला, शेमला सोडला. उठले, आणि तो फेटा त्यांनी शांताकाकूंच्या डोक्यावर ठेवला. कुणी हसलं नाही. काकू तो घालूनच गड उतरल्या.

खाली बसच्या दारात साहेब उभे होते. हळूच म्हणाले, "काकू, तेवढा फेटा द्या. डेकोरेटरचा आहे, भाड्यानं आणलाय."

काकू बसच्या पायरीवर थांबल्या. साहेबांसमोर त्यांनी मान वाकवली.

"उतरवा, सायेब. तुमच्या हातानं उतरवा."

साहेबांचा हात काही वर होईना. काकू मान वाकवून तशाच उभ्या, आणि मागं आमची सगळी लाइन थांबलेली.